एबीएसची टकटक आणि घर्रघर्र: कमी कशी करायची, कुठली तशीच सोडायची

पावसाळा लागला की हा प्रश्न ठरलेला. ब्रेक दाबला की बॉनेटखालून टकटकटक-घर्रर्र असं काहीतरी वाजतं, पॅडल पायाखाली थरथरतं, आता काय तुटलं? बऱ्याचदा काहीच तुटलेलं नसतं, एबीएसने, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टीमने, तिचं काम केलेलं असतं. पण काही गाड्यांमध्ये हाच आवाज कोरड्या रस्त्यावर, सिग्नलला हळूच थांबताना रोज येतो, आणि तिथे "एबीएस आहे, वाजणारच" म्हणून सोडून देणं चूक. आणि काही गॅरेजवाले फ्यूज काढून "घ्या, आवाज बंद" करून देतात त्याबद्दल तर बोलायलाच नको.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एबीएस युनिटमध्ये ब्रेक ऑइल अडवणारे-सोडणारे व्हॉल्व्ह असतात, त्यांचा स्वतःचा जो आवाज आहे तो तुम्ही-आम्ही घरी किंवा गॅरेजमध्ये कमी करू शकत नाही, तो कंपनीने डिझाइन आणि सॉफ्टवेअरमध्ये जेवढा कमी केलाय तेवढाच. आपल्या हातात तीन गोष्टी असतात: व्हॉल्व्ह नको तेव्हा का चालतायत ते शोधणं, त्यांचा आवाज केबिनमध्ये कुठून शिरतोय ते बंद करणं, आणि ब्रेक ऑइल नीट ठेवणं. नव्वद टक्के तक्रारी पहिल्या दोनातच मिटतात असं माझं मत आहे, मोजलेलं नाही.

मुळात वाजतं काय ते बघू. साध्या चार चॅनलच्या एबीएस युनिटमध्ये प्रत्येक चाकाला दोन असे ८ सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे, व्हॉल्व्ह असतात, एक इनलेट जो एरवी उघडा असतो आणि एक आउटलेट जो एरवी बंद असतो. ईएससी (गाडी घसरायला लागली की आपोआप एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी सिस्टीम) असलेल्या गाडीत त्यात अजून ४ वाढतात, एकूण १२. चाक लॉक व्हायला लागलं की इनलेट बंद होतो, प्रेशर अजून कमी करायचं असेल तर आउटलेट उघडतो, ऑइल एका छोट्या चेंबरमध्ये जातं आणि तिथून पंप ते परत मास्टर सिलिंडरकडे (पॅडल दाबल्यावर ऑइलला प्रेशर देणारा भाग) ढकलतो. हे सगळं एका सेकंदात कित्येक वेळा. म्हणजे टकटक व्हॉल्व्हची, घर्रघर्र पंपाच्या मोटरची, आणि पॅडलची थरथर ही परत आलेल्या ऑइलच्या धक्क्यांची.

टकटक पण दोन प्रकारची. एक म्हणजे व्हॉल्व्हच्या आतला लोखंडी दांडा सीटवर आपटतो ती. दुसरी जास्त जोरात असते, धावतं ऑइल अचानक अडतं आणि पाइपमध्ये प्रेशरची लाट उठते, घरात टाकी भरत असताना नळ झटकन बंद केला की पाइप ठण् करून वाजतो ना, तेच. हिशोब सोपा आहे, ऑइलची घनता गुणिले त्यातला आवाजाचा वेग गुणिले वेगातला बदल. ऑइलचा वेग सेकंदाला १ मीटरने जरी अचानक कमी झाला तरी ढोबळमानाने १४-१५ बारचा धक्का बसतो. हा धक्का पाइपमधून, क्लिपमधून, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या) पत्र्यात जातो आणि पत्रा स्पीकरसारखा वाजतो.

आता कामाला लागू. पहिलं काम पाना उचलायचं नाही, आवाज कधी येतो ते लिहून काढायचं. 

गाडी चालू करून निघालात आणि साधारण १०-२० च्या स्पीडला एकदाच टक्-घर्र झालं आणि परत नाही, तर ती सेल्फ टेस्ट. युनिट स्वतःचे व्हॉल्व्ह आणि मोटर तपासून घेतं. काही गाड्यांमध्ये स्पष्ट ऐकू येतं, काहींमध्ये कळतही नाही. सोडून द्या. ओल्या रस्त्यावर, वाळूवर, खडीवर जोरात ब्रेक मारल्यावर आला तर तो खरा एबीएस, त्यावेळी पाय उचलायचा नाही, पॅडल दाबूनच ठेवायचं, जुन्या सवयीने पंपिंग केलंत तर थांबायचं अंतर वाढतं. ब्रेक न लावता वळणावर किंवा चिखलात चाक फिरताना आला तर ईएससी किंवा ट्रॅक्शन कंट्रोल. कोरडा रस्ता, हलका ब्रेक, गाडी थांबायच्या शेवटच्या दोन-चार मीटरला टकटकटक, हा आपला पेशंट. आणि गाडी बंद केली तरी मोटर घरघरतच राहिली तर रिले, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा स्विच, चिकटलाय, बॅटरीची वायर काढा आणि वर्कशॉपला फोन करा, ती मोटर जळेपर्यंत वाट बघू नका.

एबीएसच वाजतंय की कॅलिपरची पिन, सैल पॅड, सस्पेन्शनचा बूश, हे कळत नसेल तर मोकळ्या मैदानात, आसपास कोणी नसताना, १५-२० च्या स्पीडला एबीएसचा फ्यूज काढून एक ब्रेक मारून बघा. आवाज गेला तर एबीएस, राहिला तर मेकॅनिकल. लक्षात ठेवा, फ्यूज काढला की साधा ब्रेक लागतो पण बऱ्याच गाड्यांत ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी सोय) पण जातो, म्हणजे मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात, म्हणून हे फक्त टेस्टपुरतं, फ्यूज तिथेच परत लावायचा, खिशात घालून घरी यायचं नाही.

थांबताना वाजतंय: सेन्सरकडे बघा

हे नीट समजून घ्या कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, लोक पूर्ण एबीएस युनिट बदलतात आणि आवाज तसाच. प्रत्येक चाकाजवळ स्पीड सेन्सर असतो. जुन्या पद्धतीचा सेन्सर म्हणजे चुंबक आणि कॉइल, समोरून दात असलेली रिंग फिरली की त्यात करंट तयार होतो. गाडी हळू झाली की तो सिग्नल आपोआप कमजोर होतो. त्यात सेन्सर आणि रिंगमधली गॅप वाढलेली असेल तर सिग्नल वेळेआधीच गायब होतो, कंट्रोलरला वाटतं चाक लॉक झालं, आणि तो बिचारा इमानदारीत व्हॉल्व्ह चालवतो. गाडी प्रत्यक्षात ८ च्या स्पीडला लोळत असते. बऱ्याचदा मीटरवर लाइट येत नाही, स्कॅनरमध्ये बिघाडाचा कोडही नसतो, म्हणून "स्कॅन केलं, सगळं ओके" असं उत्तर मिळतं.

म्हणून कोड बघायचे नाहीत, लाइव्ह डेटा बघायचा. त्यासाठी एबीएस वाचणारा स्कॅनर लागतो, ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं डाँगल बऱ्याचदा फक्त इंजिन वाचतं. चारही चाकांचे स्पीड ग्राफवर लावा, कोणाला तरी शेजारी बसवा, २०-२५ वरून ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्या. तीन रेषा सरळ खाली येतील आणि एक रेषा ५-६ वरच धपकन शून्याला पडेल किंवा मध्येच दात पडल्यासारखी खाली-वर होईल. ते चाक तुमचं. सारख्या अंतराने एकदाच खड्डा दिसत असेल, म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेरीला एक, तर रिंगला तडा गेलाय हे जवळजवळ नक्की.

चाक काढा, गाडी जॅकवर नाही तर स्टँडवर ठेवा. रिंग ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर किंवा हबवर असते, टॉर्च लावून हाताने सावकाश फिरवत प्रत्येक दातामधली फट बघा. तडा बहुतेक दोन दातांच्या मधल्या खाचेत जातो, बारीक काळी रेष दिसते, आणि तिथली फट बाकीच्यांपेक्षा जराशी रुंद असते. कारण गंज. रिंगच्या खाली शाफ्टवर गंज चढतो, तो फुगतो आणि रिंगला आतून फाकवतो. कोकणात, गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्या गाड्यांना ही बाधा लवकर होते, आणि बर्फावर मीठ टाकतात तिथल्या, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या गाड्यांना तर फारच. रिंगला वेल्डिंग, एम-सील असले प्रयोग नको, नवीन रिंग स्वस्त असते, खाली शाफ्ट पॉलिश पेपरने नीट साफ करून मगच बसवा.

रिंग चांगली असेल तर सेन्सर काढा. एक छोटा बोल्ट असतो, तो सहज निघतो, सेन्सर मात्र गंजाने घट्ट धरलेला असतो. हातोडी, पकड लावून ओढायचं नाही, प्लास्टिक तुटून अर्धा तुकडा आत राहतो. गंज सुटणारा स्प्रे मारा, पण डिस्क आणि पॅडवर उडू देऊ नका, थोडा वेळ थांबा, डावी-उजवी फिरवत काढा. टोकाला लोखंडाचा बारीक भुगा मिशीसारखा चिकटलेला असतो, तो पुसा. मग खरी जागा: ज्या सपाटीवर सेन्सर बसतो तिथला गंज. त्या थराने सेन्सर वर उचलला जातो आणि गॅप वाढते, नेमकी तीच गॅप जिच्यामुळे आवाज येतोय. वायर ब्रशने चकचकीत करा. जुन्या प्रकारात गॅप साधारण १ मिलीमीटरच्या आसपास असते, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

मल्टिमीटर लावायचा तर कॉइलवाल्या सेन्सरलाच. साधारण १ ते २ किलोओहमच्या आसपास दाखवतो, आकड्यापेक्षा डावा आणि उजवा सारखा आहे का ते महत्त्वाचं. नव्या गाड्यांत ॲक्टिव्ह सेन्सर असतात, हॉल किंवा तशा तंत्राचे (चुंबकी बदल ओळखणारी इलेक्ट्रॉनिक चिप असलेले), त्यांना ओहम मीटर लावू नका, खराब होऊ शकतात. त्यांच्यात बऱ्याचदा दातांच्या रिंगऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते, डोळ्यांना नुसती काळी-तपकिरी कड दिसते. बेअरिंग बदलताना ती बाजू सेन्सरकडे यायला हवी, उलटं बसवलं की गेलं, आणि त्या कडेजवळ चुंबकवाला ट्रे वगैरे नेऊ नका.

बाइकवाल्यांसाठी एक. १२५ सीसीच्या वरच्या बाइकना २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे आता ही तक्रार दुचाकीवर पण येते. पंक्चर काढताना टायर उचकटायची पट्टी रिंगवर टेकवून जोर लावला की रिंग वाकते, आणि पुढच्या दिवसापासून लिव्हर थरथरायला लागतो. चाक उतरवताना शेजारी उभे राहा आणि रिंगची बाजू वर ठेवायला सांगा. वाकली असेल तर चाक फिरवून सेन्सरसमोर रिंग डोलते का ते बघा, लगेच दिसतं.

आवाज खरा आहे पण केबिनमध्ये फारच येतोय

एबीएस युनिट ब्रॅकेटवर थेट बसवलेलं नसतं, मध्ये रबराचे बूश असतात. आणि नेमकं समोरून ठोकर लागलेल्या, डेंटिंग झालेल्या गाड्यांत हे बूश गायब असतात किंवा बोल्ट इतका आवळलेला असतो की रबर चेपून लोखंडाला लोखंड लागतं. इंजिन बंद करून युनिट हाताने धरून हलवा. जरासं हलून परत जागेवर यायला हवं. ठार हलत नसेल तर रबर कडक झालंय किंवा कुठेतरी टेकतंय, फारच डुलत असेल तर रबर फाटलंय. कंपनीचेच बूश घ्या, सायकल ट्यूबचे तुकडे वगैरे नको, त्या रबराचा कडकपणा मुद्दाम ठरवलेला असतो.

मग पाइप. युनिटमधून चाकांकडे जाणारे स्टीलचे बारीक पाइप, बहुतेक ४.७५ मिलीमीटरचे, प्लास्टिकच्या क्लिपांत बसवलेले. क्लिप उन्हा-पावसाने तडकते, पाइप पत्र्याला टेकतो, आणि तो धक्का सरळ फायरवॉलमध्ये. हे शोधायची पद्धत मला सगळ्यात आवडते: एकजण स्कॅनरवरून पंपाची किंवा व्हॉल्व्हची टेस्ट चालू करतो, दुसरा बॉनेटमध्ये एकेक पाइप बोटांनी हलकेच दाबून धरतो. ज्या जागी धरल्यावर आवाजाचा कर्कशपणा एकदम मरतो ती जागा. कान लावायचा तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पत्र्यावर आणि मूठ कानाशी. टेस्ट चालू असताना फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवा, आणि टेस्ट एका वेळी थोडीच चालवा, ही मोटर सतत चालण्यासाठी बनवलेली नाही.

जागा सापडली की नवीन क्लिप बसवा. क्लिप मिळेपर्यंत रबरी होज उभी चिरून पाइपभोवती घालता येते. पाइपमध्ये आणि पत्र्यात थोडी मोकळी जागा हवी, दोन पाइप एकमेकांना लागता कामा नयेत. केबल टायने पाइप पत्र्याला करकचून बांधला तर आवाज वाढेल, कमी होणार नाही. आणि पाइप वाकवून जागा करायचा मोह टाळा, विशेषतः नटाजवळ.

युनिटलाच फोम गुंडाळणं हा एक लाडका उपाय आहे. नको. कंट्रोलर त्यालाच चिकटलेला असतो, गरम होतो, आणि पावसात तो फोम पाणी धरून ठेवतो. कनेक्टरमध्ये पाणी गेलं की मग आवाजापेक्षा मोठा खर्च.

ब्रेक ऑइल

आत हवा शिरलेल्या सिस्टीममध्ये पंप जास्त वेळ घरघरतो आणि पॅडल स्पंजासारखं लागतं. जुनं ऑइल पाणी शोषून घेतं, आतून गंज आणि बारीक घाण होते, आणि व्हॉल्व्हच्या सीटवर ती बसली की व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी बदला म्हणतात आणि बहुतेक लोक गाडी विकेपर्यंत बदलत नाहीत.

कुठलं घालायचं ते झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशाला उकळतं, पाणी शोषलेलं असताना १५५ ला. कमी जाडीचं डॉट ४ पण मिळतं, ज्याला क्लास ६ म्हणतात. उणे ४० अंशाला साध्या डॉट ४ ची जाडी १८०० सेंटिस्टोक्सपर्यंत (जाडी मोजायचं एकक) चालते तर ह्याची जास्तीत जास्त ७५०. कडाक्याच्या थंडीत पंप आणि व्हॉल्व्ह ह्याने मोकळे चालतात, पण पुण्या-नाशिकच्या थंडीत आवाजात फार फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. कंपनीने सांगितलं असेल तर मात्र तेच घाला. सिलिकॉनवालं डॉट ५ नको, आणि इंजिन ऑइल, डिझेल, ग्रीस ह्यातलं काहीही चुकूनसुद्धा नको, आतले रबर सील फुगून पूर्ण सिस्टीम बाद होते.

बदलताना बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढा, नवीन भरा, मॅन्युअलमधल्या क्रमाने एकेक चाकाच्या निपलला पारदर्शक नळी लावून एअर काढा. निपलला रिंग पानाच लावा, साध्या पान्याने कडा झिजतात. जुन्या गाडीत पॅडल पार तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर मास्टर सिलिंडरचं सील कधी न गेलेल्या गंजक्या भागात जातं आणि फाटतं. बाटली मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही, हवा युनिटमध्ये शिरली की साध्या पद्धतीने निघत नाही, स्कॅनरमधलं एबीएस ब्लीडिंग चालवावं लागतं म्हणजे आतले व्हॉल्व्ह उघडतात, आणि त्यानंतर परत एकदा हाताने. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते.

कंपनी काय करते, आणि आपण का करू शकत नाही

१९७८ मध्ये बॉशचं एबीएस मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आलं तेव्हाचे व्हॉल्व्ह तीन पोझिशनचे होते, नंतर दोन पोझिशनचे छोटे व्हॉल्व्ह आले. त्यांना नुसतं चालू-बंद केलं की ते आपटतात. म्हणून आता कॉइलला करंट एकदम देत नाहीत, बारीक पल्सने हळूहळू चढवतात-उतरवतात, दांडा सीटवर सावकाश टेकतो, ऑइल एकदम अडत नाही, इनलेट अर्धवट उघडाही ठेवता येतो. प्रेशर मोठ्या एका पायरीऐवजी लहान लहान पायऱ्यांनी वाढवतात. मोटर पण गरजेपुरत्याच वेगाने फिरवतात. पंपाच्या तोंडाशी डॅम्पर चेंबर आणि बारीक छिद्र असतं, महागड्या युनिटमध्ये दोनाऐवजी सहा पिस्टनचा पंप असतो म्हणजे धक्के लहान आणि जवळजवळ.

पण व्हॉल्व्ह हळू केला की प्रेशर सोडायला वेळ लागतो, आणि ओल्या रस्त्यावर चाक लॉक व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणून इमर्जन्सीत सॉफ्टवेअर आवाजाची पर्वा करत नाही, आणि करूही नये. हळुवारपणा हिल होल्ड (चढावर गाडी मागे न जाऊ देणं) वगैरे निवांत कामांना. तेव्हा कोणी "व्हॉल्व्हचं ट्यूनिंग करून देतो" म्हणाला तर नमस्कार करून निघा. अधिकृत सर्व्हिस सेंटरला मात्र एबीएसच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आहे का ते चासी नंबर देऊन जरूर विचारा, काही मॉडेलना असतं.

युनिट उघडून व्हॉल्व्ह स्प्रेने धुणं, सेन्सरच्या वायरला रेझिस्टर लावणं हे पण त्याच रांगेतलं. आणि हे सगळं करून, सेन्सर, बूश, पाइप, ऑइल नीट असूनही युनिटच आतून खराब निघालं तर भंगारातलं लावायच्या आधी पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, बऱ्याच गाड्यांत नवीन युनिटचं कोडिंग लागतं आणि ईएससी असेल तर स्टीअरिंग अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशनही, ते करून देणारा माणूस आधी शोधा आणि पार्ट नंतर घ्या.